ड्रायव्हरच्या बाजूचं दार

ओहायोतल्या कोठारात गंजत पडलेली ती दुर्मिळ मसल कार, दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकी गाडी, बघून ड्वेनने नाक मुरडलं. विधवांकडून अशा गाड्या मातीमोल भावाने उचलणं हा त्याचा धंदाच होता. त्याने पत्र्यावर लोहचुंबक फिरवला. तो जागोजागी निसटला.

"आजी, पत्रा कुठला, नुसती पुट्टी भरलीय. वर ड्रायव्हरच्या बाजूला दारच नाही. भंगार विकताय."

"बसून तर बघ," गाडीची म्हातारी मालकीण वर्ला म्हणाली. "फक्त दार आपटू नकोस."

म्हातारी चळलीय, असं मनाशी म्हणत तो त्या उघड्या बाजूने आत बसला.

शेजारी धाडकन आवाज झाला. दचकून तो उतरायला गेला, तर हातातला चुंबक सुटून दाराच्या रिकाम्या जागी हवेतच चिकटला.

वर्लाने नाक मुरडलं.

"सगळेच मेले आपटतात. आतून उघडत नाही ते."