चहानंतरची गुरगुर

डाव्या सीटखाली बॅटरी.

दिवसाला चार पेले पाणी. चहा, ताक त्यातच धरून.

डिकीतला दहाचा पाना हरवलेला.

गाण्याच्या मागून भुंग्यासारखी गुरगुर.

जामखेडहून नगरला, आठवड्यातून दोनदा, रक्त साफ करायला.

"उतर जरा," भिमाजी बायकोला म्हणाला. पुष्पावती मांडीवरची पिशवी छातीशी धरून व्हॅनमधून उतरली आणि लिंबाखाली जाऊन बसली.

चिचोंडीत रस्त्याकडेला कल्याणचं गॅरेज. या महिन्यात जुनी व्हॅन तिसऱ्यांदा दोर बांधून इथं आली होती. दरवेळी तेच. वाटेत चहाला थांबायचं, पुढं निघालं की रेडिओ गुरगुरायचा आणि थोड्याच वेळात गाडी बंद. पुष्पावतीच्या डायलिसिसच्या आधीच्या दोन्ही पाळ्या बुडाल्या होत्या. डॉक्टरांनी भिमाजीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता आणखी एक चुकली तर जिवाशी खेळ आहे.

कल्याणनं धक्का मारून इंजिन चालू केलं. रेडिओ लावला. ॲक्सिलरेटर दाबला तशी गुरगुर चढली. एरियलची वायर उपसली. गाणं गेलं, गुरगुर राहिली.

"म्हंजी हवेतनं येत न्हाई. गाडीतनंच येती."

"गाडीचं वय झालं," भिमाजी म्हणाला. "म्हाताऱ्यानं गुरगुरायचं न्हाई तर काय करायचं?"

"नाना, तुमची गुरगुर वायशर टाकून थांबती का? मग मी काकूंचंबी काम हलकं करतो."

लिंबाखालून पुष्पावती हसली. "तेवढं कराच."

कल्याणनं सीट उचलली, बॅटरीची काळी वायर धरून हलवली. बॉडीला जिथं ती कसलेली होती तिथं नट नुसता गरगर फिरत होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"हात्तिच्या! पहिल्यांदा प्लगच्या वायरी बदलल्या, दुसऱ्यांदा अल्टरनेटर उघडला. दोन्ही टायमाला बॅटरी काढून परत बसवली, तवा हाच नट आवळला गेला. आन मी समजलो, माझ्या हाताला गुण हाय. खड्ड्यांनी सुटतुय. दहाचा पाना द्या."

"सापडंना कुठं."

शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पाना आला. भिमाजीनं दवाखान्यात फोन लावला. या, थांबतो, म्हणाले.

"लई उशीर झाला," पुष्पावती म्हणाली. हातावरची सुयांनी फुगलेली शीर तिनं पदराखाली घेतली. "माघारी जाऊ की."

"आज न्हाई."

मागच्या दोन्ही वेळेला घरी परतताना ती रेडिओबरोबर गुणगुणली होती. भिमाजीला बरं वाटलं होतं. बाईला धीर आहे.

कल्याणनं एकावर एक दोन नट कसले. "आता भूकंप झाला तरी हलायचं न्हाई. बसा काकू."

ती बसली. पिशवी मांडीवर.

रस्त्याला लागले. रेडिओ स्वच्छ वाजत होता. भिमाजीचे डोळे जड झाले होते. पहाटे धारा काढायच्या, मग गाडी, मग दवाखान्याचं बाकडं, मग परत गाडी. असं वर्ष गेलं होतं.

"अवं, थांबा कुठंतरी. चहा घ्या."

"आज थांबायचं न्हाई."

"डोळे मिटायलेत तुमचे. तुमीच पडला तर मला कोण न्यायचं?"

भिंगारच्या अलीकडं टपरीवर तो थांबला. ती खाली उतरली नाही. तिला चहा मोजूनच होता. त्यानं उभ्याउभ्याच कप संपवला, मालकाला रस्ता कुठं मोकळा आहे ते विचारलं आणि परत आला. ती दाराशी उभी होती. पाय आखडले, म्हणाली.

त्यानं किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन लागलं. गाणं आलं. गुरगुर नाही. तो तसाच कान देऊन बसला. मग गाडी पुढं काढली, भिंगार मागं टाकलं, तरी गुरगुर नाही.

"बघ पुष्पे! आता एकबी पाळी चुकत न्हाई."

तिनं लाल झालेले तळहात पदराला पुसले. "व्हय," म्हणाली.

गाडी पहिल्यांदा बंद पडायच्या आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भिमाजी तिचे दवाखान्याचे कागद लावत होता तेव्हा, चुलीपुढं बसून पुष्पावतीनं दहाच्या पान्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, पिशवीत वाजू नये म्हणून.