उरलेल्या तीन कॅप्सूल

नवऱ्याचा ताप तीन दिवस झाले तरी हटेना, तेव्हा त्याला घेऊन कुमुदताई तणतणतच दवाखान्यात शिरल्या.

“कसली भिकार औषधं देता हो डॉक्टर? माझा ताप चार दिवसांत उतरला, म्हणून माझ्या सात दिवसांच्या कोर्समधल्या तीन कॅप्सूल जपून ठेवल्या. त्याच ह्यांना दिल्या, तर काडीचा गुण नाही!”

“ताई, हल्लीची कॅप्सूल ज्याच्या नावाची, त्याच्याच पोटात उघडते. ह्यांच्या पोटातून ती तशीच बाहेर पडली.”

“म्हणजे घरात एकमेकांना द्यायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत!” कुमुदताई कडाडल्या.

डॉक्टरांनी तापमापक नवऱ्याच्या आधी कुमुदताईंच्याच कपाळाला टेकवला. आकडा आला एकशे दोन.

सकाळपासून अंगाची लाही होतेय ती रागानेच, असं त्या धरून चालल्या होत्या.