छोटा जेट

भर दुपारी गॅरेजचा पत्रा तापून तडतडत होता. वहिनी दादाच्या जुन्या गाडीत स्टिअरिंगवर बसल्या होत्या आणि धाकटा दीर, हातातलं काम सोडून, बॉनेटखाली वाकला होता.

गेल्या हिवाळ्यात डोंगर चढण्याआधी दादा मागे लागला होता, "वर हवा विरळ असते रे. कार्बोरेटरला छोटा जेट बसवून दे, पेट्रोल कमी सोडणारा." "परत आलास की बघू," म्हणून यानेच टोलवलं. वर गाडी बर्फात बंद पडली आणि दादाने तिच्यातच गारठून जीव सोडला.

"भावोजी, आता तरी बसवा," वहिनी म्हणाल्या.

"इथे खाली त्या जेटवर ती नुसते आचके देईल, वहिनी." तरी त्याने बसवला.

इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं आणि एकसुरात चालू लागलं, जसं फक्त वर, डोंगरात चाललं असतं.

"बंद करा, वहिनी!" तो ओरडला, तर तोंडातून पांढरी वाफ निघाली.

वहिनी हलल्या नाहीत. त्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या. तिथल्या काचेवर आतून श्वासाची वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. दर खेपेला थोडी कमी.