म्हशीचं अत्तर

सासू गेली आणि तिच्या म्हशीने पान्हाच चोरला. मैना धार काढायला बसली रे बसली, की लाथ! आंधळे सासरे, येसाजी, बायको गेल्यापासून अन्नाला शिवत नव्हते. जेमतेम निघणाऱ्या कपभर दुधावर तगले होते, आता तेही बंद व्हायची वेळ आली.

म्हशीला सासूचा वास हवा होता. तिचं लुगडं नेसून बसावं, तर सुतकात सगळी धुऊन निघालेली. शेवटी मैनाने पोलादपुराहून यष्टीने महाड गाठलं आणि अत्तर काढणाऱ्या दाऊदचाचांना सांगितलं, "अंबाड्यातला गावठी गुलाब, दातांची मिश्री नि चुलीचा धूर, असा वास पायजे. म्हशीला फसवायचं हाय."

चाचा भडकलेच. "गुलाबात धूर? अत्तराची अब्रू घालवतेस, पोरी!" पण पुढच्या बाजाराला कुपी तिच्या हातात ठेवताना म्हणाले, "असला गुलाब जन्मात काढला नव्हता."

संध्याकाळी ओटीलगतच्या गोठ्यात मैनाने अख्खी कुपी पदरावर रिकामी केली आणि श्वास रोखून बसली. म्हशीने पदर हुंगला. कान हलवले. मैनाने आचळाला हात लावला मात्र, एका लाथेत चरवी भिंतीवर!

मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आज म्हाताऱ्याच्या पोटात काय जाणार?



तेवढ्यात ओटीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "कुठं व्हतीस गो इतके दिस? भाकर वाढ, भूक लागलीय."