पुढचं लाकूड

"कुरकुर करू नये, पोरी. एखादं लाकूड फुटलं नाही, तर गपचूप पुढचं घ्यावं." सरपण फोडताना वडील म्हणत, ते राउनीच्या कानात कायमचं राहिलं. फाइली एका जागेहून दुसरीकडे हलवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, तिने लिहिली, तीही त्याच वळणाची. एखादी फाइल वाचता आली नाही, तर ती चूक गिळायची, पुढची घ्यायची आणि शेवटी 'झालं' म्हणायचं. त्या 'झालं'वर विसंबून एका गावच्या संग्रहालयाने जुन्या गाण्यांची डिस्क पुसून टाकली. एका म्हातारीची अंगाई तेवढी नव्या जागी पोचलीच नव्हती.

आता ओउलू शहरातल्या कचेरीत, गार झालेली कॉफी पुढ्यात घेऊन, राउनी दमल्या डोळ्यांनी सगळं नव्याने बांधत होती. चूक आली की लायब्ररी आता ती वापरणाऱ्यालाच विचारणार होती: थांबू, वगळू, की पुन्हा करून बघू?

"आणि वापरणाऱ्याने काहीच ठरवून ठेवलं नसेल तर?" शेजारच्या एस्कोने विचारलं.

"तर थांबायचं. काय बिघडलं ते सरळ सांगायचं."

"अगं बाई, हे तू म्हणतेस?" एस्को हसला. मग तिचा कप उचलत रोजच्यासारखं म्हणाला, "बाकी, कसं चाललंय?"

'चाललंय' हे उत्तर रोजच्यासारखं तिच्या ओठांवर तयारच होतं.

"नाही चालत, एस्को," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून मी नुसतं पुढचं लाकूड घेतेय."