स्वतःच्या हाताने

‘आवडत्या चित्रपुस्तकावरून मुलांनी स्वतःच्या हाताने काहीतरी बनवून आणावं,’ अशी शाळेची चिठ्ठी आली आणि पहिलीतल्या छोटीच्या आईसाहेबांनी बाह्या सरसावल्या. छोटीचा जीव छत्री हरवलेल्या अस्वलाच्या पुस्तकात. जेवतानासुद्धा ते मांडीवर लागायचं. आईने तेच कात्रीखाली घेतलं.

“आई, मग गोष्ट?”

“पाठ आहे ना तुला? झालं तर मग!”

अस्वल कापलं, छत्री कापली, झाडं तर पानोपानी कापली आणि बुटांच्या खोक्यात असं झोकदार जंगल उभं केलं, की ते बनवणारीचं वय सहा आहे यावर आंधळ्यानेही विश्वास ठेवला नसता. मध्ये तीनदा छोटीचा हात पुढे आला.

“हात लावू नकोस गं, वाट लावशील सगळ्याची!”

उरलेलं पुस्तक केरात गेलं. फोटो मात्र झाडून सगळ्या नातेवाइकांना गेले, ‘आमच्या पिल्लाची कमाल!’

पहिला नंबर आला. “एवढ्याशा हातात काय सफाई आहे!” बाई माइकवरून म्हणाल्या. ती सफाई आईसाहेबांनी लाजत मुरडत पदरात पाडून घेतली. बक्षीस म्हणून छोटीला त्याच अस्वलाचं नवं कोरं पुस्तक मिळालं.

घरी आल्याआल्या आई फोनवर कौतुकं वाचत बसली.

छोटीने बूटही काढले नाहीत. पुस्तक काखेत मारून ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि कात्री तांदळाच्या डब्यात, हात पोचेल तितकी खोल पुरून आली.