छप्पर आधी गेलं

विमा कंपनीचा माणूस तिसऱ्या पायरीवर येऊन थांबला. चौथी पायरी नव्हती आणि घरही नव्हतं.

"पाणी," तो म्हणाला. "सगळं पाण्यानं नेलंय, मॅडम."

"वाऱ्यानं!" ओलिता मोरान खालून म्हणाली. "वाऱ्यानं छप्पर उडवलं, मग पाणी आलं. उघडं पडलेलं घर पाणी नेणारच की!"

"तुम्ही पाहिलंत?"

इथंच घोडं अडलं होतं. वादळाच्या आदल्या दिवशी ओलिता मुलीकडे, हॅटिसबर्गला गेली होती.

मिसिसिपीच्या त्या किनाऱ्यावर वाऱ्याचा विमा वेगळा आणि पुराचा वेगळा. दोन्हींचे हप्ते भरणं डॉक्टर-वकिलांनाच परवडे. ओलितानं वाऱ्याचा घेतला होता. घर वाऱ्यानं गेलं म्हणावं तर नवं उभं राहील एवढे पैसे. पाण्यानं गेलं तर हाती भोपळा. मग जमीन मॉटेलवाल्याला विकायची, मुलीच्या गॅरेजमध्ये खाट टाकायची आणि जावयाचं तोंड बघत उरलेले दिवस काढायचे.

ग्रेडी नावाचा तो तरुण ओहायोहून आला होता आणि घामानं निथळत होता. त्या गल्लीतल्या सगळ्याच फायली त्याच्या गळ्यात होत्या.

"कोणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर लिहून द्यायला सांगा. शुक्रवारी मी शेवटचा येतोय."

पाहणारा एकच होता. अल्सीद निकेझ, शेजारी. शेजारी म्हणजे एकाच छपराखाली, मधल्या भिंतीच्या पलीकडे. म्हातारा हट्टानं मागे राहिला आणि ओकच्या झाडाला मिठी मारून वाचला. पण दोघांचं बोलणं बंद होतं. त्यानं सामाईक ओसरीवर खेकड्यांचे कुजके सापळे रचले, तिनं नगरपालिकेचा माणूस आणला, त्याला दंड झाला. तेव्हापासून संवाद चालला तो भिंतीवर झाडूच्या दांड्यानं. आता भिंत गेली होती, भांडण मात्र शाबूत होतं.

ओलिताला चैन पडेना. सरकारनं तात्पुरत्या दिलेल्या चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये ती बसायची, उठायची, बाहेर जाऊन त्या बिनघराच्या पायऱ्या झाडायची. समोरच अल्सीदचा ट्रेलर. त्याच्या खिडकीचा पडदा हलला की ती पाठ फिरवायची. शेवटी अडला हरी म्हणत तिनं राजमा शिजवला, भातावर घातला आणि भांडं घेऊन त्याचं दार वाजवलं.

"कोण मेलं?" अल्सीदनं विचारलं.

"अजून कोणी नाही. घे. सॉसेज घातलंय."

"आणि विष?"

"ते संपलं होतं."

तो हसला नाही, पण भांडं घेतलं.

"अल्सीद, छप्पर आधी गेलं ना?"

"गेलं असेल."

"असेल नको. तू तिथं होतास."

"झाडाला लटकलेला माणूस हिशोब ठेवत नाही, बाई."

"तेव्हा पाणी आलं नव्हतं ना? एवढंच सांग त्या पोराला."

अल्सीदनं भांडं खाली ठेवलं. "तू विचार करून बोलतेयस का, ओलिता?"

"विचार करूनच झोप उडालीय माझी!"

"खरं बोललेलं सगळ्यांनाच पचतं असं नाही."

म्हातारा उट्टं काढतोय, अशी तिची खात्रीच झाली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"किती पाहिजेत? तुझा दंड भरून देते. दुप्पट देते!"

त्याचा चेहरा उतरला. "घरी जा."

"कुठंय घर? तेच मागतेय ना!" तिचा आवाज फाटला. "मी तुला खोटं बोल म्हणत नाही रे. पाहिलंस तेवढं सांग. तेवढीही माणुसकी नसेल, तर त्या झाडानं तुला उगाच वाचवलं."

त्यानं दार लावून घेतलं. बोलले ते फार झालं, असं तिला परत येताना वाटलं; पण माघारी वळावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी ग्रेडीची गाडी आली. ओलिता पायऱ्यांवर बसली होती. पलीकडून अल्सीद बाहेर आला. केस विंचरलेले, अंगात चर्चला जातानाचा पांढरा शर्ट. तिच्याकडे न बघता तो सरळ गाडीपाशी गेला.

शब्द ऐकू येत नव्हते, हात मात्र दिसत होते. त्यानं तळवा उताणा करून वर झटकला. मग बराच थांबला. मग हात गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गळ्यापर्यंत चढवत नेला. ग्रेडीनं लिहून घेतलं आणि त्याला काहीतरी विचारलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली. ग्रेडीनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा मान डोलावली, सही केली आणि ट्रेलरमध्ये निघून गेला.

ग्रेडी तिच्याकडे आला. "छप्पर वाऱ्यानं नेलं, पाणी नंतर आलं. त्यांनी स्वच्छ लिहून दिलंय. तुमचे पूर्ण पैसे मिळतील, मॅडम."

ओलिता रडली, मग हसली, मग पदर नव्हता म्हणून बाहीलाच नाक पुसलं. तिला सगळं जग आवडायला लागलं, अगदी खेकड्यांच्या सापळ्यांसकट.

"बघा, शेवटी बोलला खडूस!" ती म्हणाली. "त्याचं तरी काय गेलं? छप्पर एकच होतं, म्हणजे त्याचंही घर वाऱ्यानंच गेलं. आता त्याचेही पैसे लवकर सोडा हं, बिचाऱ्याचे."

ग्रेडी पलीकडच्या बंद दाराकडे बघत उभा राहिला.

"तेच मी त्यांना दोनदा विचारलं, मॅडम," तो म्हणाला. "त्यांचा विमा फक्त पुराचा होता."